हरुली उजवीकडेच बसली

मेलेला केवलानंद जीपच्या टपावरून उतरला, तेव्हा हरुली त्रिलोकदाच्या चहाच्या दुकानात बाकावर बसून एका बाळाचं वजन वहीत लिहीत होती. दोन किलो आठशे. तिने आठापुढे एक शून्य काढलं, मान वर केली, आणि दुसऱ्या शून्यासाठी उचललेला हात तसाच हवेत राहिला.

त्रिलोकदाच्या हातातून किटली सुटली. पण जीभ? ती कुठली अडखळायला! हा माणूस टीव्हीवरच्या बातम्यांसारखा बोलतो, एकच बातमी तीनदा.

"केवल आला! तीन महिन्यांपूर्वी नदीवर ज्याला जाळला, तो केवल आला! जळालेला केवल जीपमधून आला!"

"जीपमधून नाही, टपावरून," जीपवाला म्हणाला. "आत कोबीची पोती होती. पण माणूस शांत आहे. वाटेत उलटी नाही, काही नाही."

केवल हरुलीचा नवरा. बारा वर्षांपूर्वी बापाशी भांडून, "हल्द्वानीला जाऊन येतो," म्हणून निघाला. हल्द्वानी काही चंद्रावर नाही. सकाळी जावं, दुसऱ्या दिवशी जेवायला घरी. रश्मी तेव्हा तीन वर्षांची होती, ती दोन दिवस वाटेकडे बघून रडली आणि तिसऱ्या दिवशी शेळीच्या पिल्लात रमली. हरुलीला तशी सोय नव्हती. तिने पोलीस चौकी केली, गोलू देवाच्या देवळात अर्ज टांगला, घंटा बांधली. देव न्यायाचा, पण त्याच्याकडे अर्जांची ही दाटी. दुसऱ्या वर्षी तिने तिथेच दुसरा अर्ज टांगला, नोकरीचा, आणि तो महिन्याभरात मंजूर झाला. ती सरकारी आशा सेविका, गावाची आशा दीदी झाली. तेव्हापासून बांजधार गावात जे पोर जन्मलं, ते हरुलीच्या हातून गेलं. उतारावरून डोली काढायची, एकशेआठची गाडी बोलवायची, वाटेत बाईचा हात धरून "श्वास घे, श्वास घे गं" म्हणायचं, आणि घरी आल्यावर सासूच्या शिव्या खायच्या.

सरकारने केवलला सातव्या वर्षीच कागदावर मारलं होतं. पण लोहनीज्यू पुरोहितांनी हात वर केला. त्यांचं बोलणं असं की प्रत्येक वाक्य संपलं की थांबायचं, समोरच्या डोंगरावरून ते परत येतंय का ऐकायचं, आणि मग शिक्का मारायचा. "सरकार सात वर्षांत मारतं. शास्त्र बारा वर्षं वाट बघतं. आता दयाळू कोण, तुम्हीच ठरवा. असं आहे ते."

बारा वर्षं हरुलीने भांगात सिंदूर भरला. बारा पूर्ण झाली तशी डोंगरपायथ्याच्या भाबरातून पळसाची पानं आली, तीनशे साठ मोजून. कुशाचा पुतळा बांधला, त्याला नारळाचं डोकं लावलं. सासू त्या नारळाला कवटाळून अशी रडली की लोहनीज्यूंना म्हणावं लागलं, "ईजा, माउली, सोड आता, फुटेल तो." नदीवर पुतळा जळाला, तिथेच हरुलीचा भांग पुसला, नथ काढली. तेराव्याला सगळं गाव जेवलं. कुणीतरी सगळ्याचा व्हिडिओ काढून "आपलं बांजधार" या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, म्हणजे दिल्ली, लखनौ, लुधियानाला गेलेल्यांनाही पुण्य लागावं.

मग तीन आठवड्यांनी एक बाळंतपण आलं. रात्रभर हरुली त्या बाईपाशी होती. अकराव्या दिवशी बारसं होतं, हरुली नेहमीसारखी उंबऱ्यात चपला काढायला वाकली, आणि बाळाची आजी लगबगीने पुढे आली. "दीदी, मनावर नका घेऊ हं. तुम्ही जरा इथे ओट्यावरच बसा. पुरी बाहेर आणून देते, गरमच देते." हरुली ओट्यावर बसून पुरी जेवली. आत बाळ रडत होतं, आणि ते रडणं सर्वांत आधी तिनेच ऐकलेलं होतं. एका गवताच्या पुतळ्यापायी.

आणि आता तो पुतळा टपावरून उतरून, पिशवी काखेत मारून, खाली मान घालून तिच्यासमोर उभा. जरा पोट सुटलेला, कानाशी पांढरा.

"हरुली," तो म्हणाला.

तिने वही मिटली. तेवढ्यात वरून सासू धावत आली, सहा हातांवर आली आणि खुंटाला दावं बसल्यासारखी थांबली. मिठी मारायची की सुतक पाळायचं, हे पायांना कळेना. "माझा केवल! माझं लेकरू! शिवू नका रे त्याला कोणी!" हे सगळं एका दमात. मग लांबूनच तिने त्याच्यावरून हात ओवाळून आपल्याच कानशिलावर बोटं मोडली.

शिवणार कोण? तो मेलेला होता. त्याला शाळेच्या व्हरांड्यात बसवलं, पानावर जेवण सरकवलं, आणि सगळं गाव पायऱ्यांवर बसून त्याच्याकडे बघू लागलं.

"होतास कुठे?" त्रिलोकदाने विचारलं. "बारा वर्षं होतास कुठे?"

केवलने डोक्यामागे एक व्रण दाखवला. "गाझियाबादला. ट्रकने उडवलं. आठवणच गेली सगळी. नाव नाही, गाव नाही. परवा अचानक डोकं दुखलं आणि गाव आठवलं."

"हरे राम!" बायका म्हणाल्या. हरुलीही म्हणाली. त्या व्रणाकडे बघून तिला बारा वर्षांत पहिल्यांदा जरा हलकं वाटलं. म्हणजे टाकून गेला नव्हता. विसरला होता. टाकणं आणि विसरणं यांत केवढा फरक आहे!

लोहनीज्यूंनी त्या रात्री मोबाइलातली पोथी उघडली, सकाळी काशीच्या आचार्यांना व्हिडिओवर धरलं, आणि दुपारी निर्णय ऐकवला. ज्याचे अंत्यसंस्कार झाले आणि जो जिवंत परतला, त्याने पुन्हा जन्म घ्यायचा. तुपाच्या पाण्यात गर्भासारखं बसायचं, मुठी आवळून, तोंड मिटून. मग जातकर्म, बारसं, मुंज, आणि शेवटी लग्न. "पूर्वीच्याच बायकोशी. ती नसेल तर दुसरीशी. सगळं एका दिवसात होतं. असं आहे ते."

पायऱ्यांवर सगळ्यांचे जबडे खाली आले. हरुली मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडली.

"पंडितज्यू, लग्न पुन्हा कशाला? आमचं झालंय."

"ते संपलं, ब्वारी," सुनेला समजवावं तसे ते म्हणाले. "तो देह गेला. हा नवा येणार. नव्या देहाचं जुनं लग्न कसं असेल?"

"म्हणजे मी आत्ता कुणाचीच बायको नाही?"

लोहनीज्यू डोंगराकडे बघत थांबले. प्रश्न तिथून परत आला असावा. "शास्त्राप्रमाणे... नाही."

हरुलीने ते गाठीला बांधून ठेवलं. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं तेव्हा सासऱ्याने तिचा फोटो बघितला होता, तिने कुणाचाच बघितला नव्हता. आता ती दर महिन्याला गावातल्या मुलींची बैठक घेते आणि सरकारी तक्ता भिंतीला लावून सांगते, "लग्नाला तुमची संमती लागते, नको असेल तर नको म्हणायचं." मुली खिदळतात. "दीदी, तुम्ही म्हणाला होतात का?" दीदी तक्ता गुंडाळते.

चार दिवसांनी मार्गशीर्षातला मुहूर्त निघाला. नळयोजनेची एक निळी प्लॅस्टिकची टाकी फुटकी पडली होती, ती मधोमध कापली. सासूने दोन गाईंचं तूप आणलं. पहाटे सहाला, अंगणात दव पांढरं पडलेलं असताना, केवल लंगोटावर त्या टाकीत गुडघे छातीशी घेऊन बसला. वर ऊन पाणी, त्यावर तूप. बायकांनी मंगलगाणी धरली. लोहनीज्यूंनी गर्भाधानापासून सुरुवात केली. गरोदर बाईच्या भांगाचा विधी आला तेव्हा आई कोण, हा प्रश्न पडला. मग त्यांनी टाकीच्या काठालाच कुंकू लावलं.

"एकदा मी ह्याला जन्म दिला तर दोन दिवस जीव जात होता माझा," सासू म्हणाली. "ही टाकी बघा, हूं की चूं नाही!"

"आशा दीदी, वजन करणार का?" त्रिलोकदाने हाळी दिली. "बाळाचं वजन करा! ऐंशी किलोचं बाळ!"

सगळे हसले. पण हरुली केवलच्या ओठांकडे बघत होती. पाणी केव्हाच गार झालं होतं.

"बाहेर काढा. बाळ निळं पडतंय."

"मुहूर्ताला सात मिनिटं आहेत," लोहनीज्यू म्हणाले.

"मुहूर्ताला न्यूमोनिया कळत नाही. काढा म्हणते ना!"

इतकी वर्षं हा आवाज ऐकून गावाला त्याची सवय झाली होती. चार जणांनी केवलला खेचून काढला. बाळाने रडायला हवं होतं, पण तो शिंकला. "चालेल," लोहनीज्यू म्हणाले. हरुलीचे हात आपोआप पुढे झाले. तिने घोंगडी घेतली, त्याला गुंडाळलं, पाठ घासली, डोक्यावर लोकरी टोपी चढवली. शंभर पोरांना करते तसंच. फक्त ही पाठ तिच्या ओळखीची होती. खांद्याजवळचा तीळ जागच्या जागी होता. तिने डोळे दुसरीकडे वळवले आणि जरा जास्तच वेळ पाठ घासली.

बारसं झालं. नाव निघालं भुवनचंद्र.

"काय रे भुवन, मागच्या जन्माचं काही आठवतं?" त्रिलोकदाने विचारलं. "मागच्या जन्माचं?"

"काही नाही आठवत, दाज्यू," भुवनचंद्र म्हणाला आणि टोपी कानांवर ओढली.

मुंज झाली. आता लग्नाच्या मुहूर्ताला तास होता. भात शिजत होता. हरुलीला बायकांनी लग्नाची रंगवाली ओढणी पांघरली, नथ पुढे केली. ती नाही म्हणाली नाही. नथ हातात घेऊन बसली होती, घालावी की न घालावी या बेतात नव्हे, तर कान बुजले असतील का या चिंतेत. मग तिलाच हसू आलं, नथीला कान कशाला लागतो! इतकं तिचं चित्त उडालेलं होतं, नवरीचं उडतं तसं.

"रश्मी, ग्रुपवर टाक," त्रिलोकदा ओरडला. "टाक, बांजधारला मुलगा झाला! आणि बापालाही घे ग्रुपमध्ये. नवा माणूस आहे गावात, नवा माणूस!"

रश्मीने बापाचा फोन मागितला. तो म्हणाला, "राहू दे गं, नंतर." ती म्हणाली, "नंबर तर सांगा, बाबू." त्याने सांगितला, पण इतका हळू की तिला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला. तिने आकडे दाबले. मग पुन्हा दाबले. मग फोन हलवून आईकडे वळली.

"ईजा, घेत नाहीये. म्हणतंय की हा नंबर आधीच ग्रुपमध्ये आहे."

"असं कसं असेल?"

"आहे. हे 'जय भोले' आहेत."

भुवनचंद्राने घोंगडी डोक्यावरून घेतली.

जय भोलेला सगळे ओळखत. म्हणजे कोणीच ओळखत नव्हतं, पण सगळे ओळखत. तीन वर्षांपूर्वी जत्रेच्या पत्रिकेवर ग्रुपची लिंक छापली होती, तेव्हा शंभरेक लोक आले, त्यांतला एक. लखनौचा कुणी म्हातारा असेल असं धरलेलं. तो रोज सकाळी एक कमळ पाठवायचा, खाली 'सुप्रभात'. बाकी कुणी उत्तर द्यायचं नाही. हरुली द्यायची. चूल पेटवता पेटवता दोन जोडलेले हात पाठवायची. एकटा असेल बिचारा, म्हणून. तीन वर्षं, रोज.

तिने रश्मीच्या हातून फोन घेतला आणि अंगठ्याने मागे मागे जाऊ लागली. भाद्रपद. इथे तिचा स्वतःचा निरोप होता: 'यांची कोणाला काही खबर असेल तर कृपा करून कळवा. पुढच्या आठवड्यात पुतळ्याचा विधी आहे. मग काही करता येणार नाही.' त्याखाली सुप्रभात. त्याखाली विधीचा व्हिडिओ, त्यात ती, नदीवर, पुसलेल्या भांगाची. व्हिडिओखाली लोकांचं रडणं. केवल किती सोज्वळ होता, केवल कसा देवमाणूस होता. आणि सहाव्या ओळीत जय भोले. 'ॐ शांती.' सोबत एक फूल.

हरुलीने ते मोठ्याने वाचलं नाही. तिच्याच्याने ते झालं नसतं. तिने फोन पुढे केला आणि तो अंगणभर हातोहात फिरला. ज्याच्या हातात जाई तो वाचे, आणि तोंड उघडून पुढच्याला देई. लोहनीज्यूंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाचलं, पुन्हा वर सरकवला. थांबले. या वेळी डोंगरावरूनही काही आलं नाही.

"तू..." त्रिलोकदा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने वाक्य दुसऱ्यांदा म्हटलं नाही. खरं तर पहिल्यांदाही पुरं केलं नाही.

भुवनचंद्र घोंगडीत आणखी लहान झाला. "सगळेच लिहीत होते," तो म्हणाला. "मी नसतं लिहिलं तर बरं दिसलं नसतं."

"आणि ट्रक?" हरुलीने विचारलं.

"हा व्रण? जिन्यावरून पडलो होतो. पहिल्या वर्षी लाज वाटायची, भांडून आलो म्हणून. मग वर्षभर आलो नाही याची लाज. मग दोन वर्षांची. ती वाढतच जाते, हरुली. मग व्हिडिओखाली सगळ्यांनी माझ्याबद्दल इतकं चांगलं लिहिलं. मला वाटलं, आता यायला हरकत नाही."

सासू सर्वांत आधी सावरली. "झालं ते झालं! पाप केलं ते केवलने, तो मेला. हे माझं आजचं लेकरू आहे. मागच्या जन्माचं ह्याच्या माथी कशाला? सांगा की हो पंडितज्यू!"

लोहनीज्यूंनी मान हलवली. "जन्म बदलला, दोष गेला. असं आहे ते." पण शिक्का नेहमीसारखा उमटला नाही.

सगळ्यांना वाटलं, हरुली आता उठून आत जाईल. ती उठली आणि मांडवात जाऊन बसली. नवरीने लग्न लागेपर्यंत बसायचं तिथे, नवऱ्याच्या उजव्या हाताला. गावाला हायसं वाटलं. होम पेटला. वचनांची वेळ आली. ही वचनं नवरी नवऱ्याकडे मागते, पण आजवर तिच्या वतीने पुरोहितच घडाघडा म्हणून टाकतो आणि नवरी नखं बघते. लोहनीज्यूंनी श्वास भरला.

"थांबा," हरुली म्हणाली. "हे माझ्या तोंडचं आहे ना?"

"तुझ्याच तोंडचं, पण..."

"मग मी बोलते." ती त्याच्याकडे वळली. "मागच्या जन्माचं मी काही विचारत नाही. ते गेलं तुपाच्या पाण्यात. ह्या जन्माचं विचारते. जन्माला येऊन तुला पाच तास झाले. तिसऱ्या तासाला त्रिलोकदाज्यूंनी विचारलं, आठवतं का काही. तू म्हणालास, नाही. ते कुणाचं खोटं? केवलचं की भुवनचं?"

त्याने होमात एक समिधा सरकवली.

"फोनने सांगितलं नसतं, तर तू सांगितलं असतंस?"

धूर त्याच्या डोळ्यांत गेला. निदान त्याने तसे डोळे चोळले. "नाही," तो म्हणाला. आणि हे बहुधा बारा वर्षांतलं पहिलं खरं वाक्य होतं.

"पंडितज्यू, वचनापुढे काय असतं?"

"'हे मान्य असेल तर मी तुमच्या डाव्या बाजूला येईन'..."

हरुली उजवीकडेच बसली. हलली नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. लाह्यांचं सूप हातात घेऊन उभी असलेली बाई तशीच उभी. बांजधारात नवरे पळालेले होते, मेलेले होते, एक परतही आला होता. पण मांडवात बसून, नवरीची ओढणी घेऊन, सर्वांदेखत डावीकडे न सरकलेली बाई कुणी पाहिली नव्हती. सासूने तोंड उघडलं आणि त्यातून काहीच आलं नाही, याचं तिलाच आश्चर्य वाटून ती खाली बसली.

"मुलींनो," हरुली मागे न बघता म्हणाली, "तक्ता आठवतो ना?" कुणीही खिदळलं नाही.

लोहनीज्यूंनी घाईघाईने काशीला फोन लावला. आचार्य दिसले, जेवत होते. "पूर्वीची बायको, नसल्यास दुसरी," त्यांनी घास गिळून तेच सांगितलं.

"पूर्वीची आहे. पण नको म्हणते."

पडद्यावर आचार्य गोठले. सगळ्यांना वाटलं रेंज गेली. रेंज होती. "हे आजवर कुणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. मग बराच वेळ पानं चाळल्याचा आवाज. "मुंज झाली, लग्न नाही. म्हणजे ब्रह्मचारी. गुरूच्या घरी राहील, लाकडं फोडील, भिक्षा मागेल."

"गुरू म्हणजे?"

"मुंज कोणी लावली?"

लोहनीज्यूंचा चष्मा कपाळावरून खाली पडला. पंडितीणबाईंनी मागून विचारलं, "म्हणजे हा आता आपल्याकडे?" असं आहे ते, एवढंही कुणाला म्हणवेना.

तेव्हापासून भुवनचंद्र लोहनीज्यूंच्या माजघरात राहतो आणि सकाळी डबा घेऊन निघतो. पहिली भिक्षा आईची. ती दर वेळी रडते आणि लोणी जास्त घालते. मग शेजारच्या दारात, जिथे हरुलीने आता वेगळी चूल मांडली आहे, उभा राहून तो हळूच म्हणतो, "भवति भिक्षां देहि." हरुली मडुव्याच्या, नाचणीच्याच म्हणा, दोन भाकऱ्या घालते. कधी तिसरीही घालते, थंडी असेल तर. कमळ येणं बंद झालं आहे. काही सकाळी चूल पेटवताना तिचा अंगठा उगाच फोनवर जातो आणि मग ती फुंकणी उचलते.

महिन्याभराने खालच्या वाडीत बारसं होतं. हरुलीने उंबऱ्याशी चपला काढल्या. बाळाची आजी लगबगीने पुढे आली, "दीदी, मनावर नका..." आणि अडखळली. विधवा म्हणावी, तर नवरा सकाळीच भिक्षा घेऊन गेलेला. सवाष्ण म्हणावी, तर लग्न लागलं नाही. कुमारी म्हणावी, तर मागे पंधरा वर्षांची पोर उभी. आजीने लोहनीज्यूंकडे बघितलं. लोहनीज्यूंनी डोंगराकडे बघितलं.

"पोथीत आहे का काही?" आजीने विचारलं.

"अजून सापडलं नाही," लोहनीज्यू म्हणाले.

तोवर हरुली आत जाऊन बाळाशेजारी बसली होती, आणि पान मांडा म्हणत होती.